मैत्रीची खंडणी

पडेगावलगतची छावणी ही निजामाने पैसे मोजून घेतलेल्या मैत्रीची खूण होय. हैदराबाद कंटिंजंटचे सैन्य तेथे राहत असे. पगार निजामाचा, हुकूम इंग्रज अंमलदारांचा. पगारापायी कर्ज साचले, आणि १८५३ च्या तहाने कापसाचा वऱ्हाड कंपनीच्या कारभारात गेला.

ही विद्या इंग्रजांनी शोधलेली नव्हे. इराणच्या भयाने इ. स. पू. ४७८ मध्ये ग्रीक नगरांनी अथेन्सच्या नेतृत्वाखाली संघ स्थापिला. बहुतेकांनी जहाजांऐवजी पैसा दिला. ४५४ च्या सुमारास खजिनाच डेलॉस बेटावरून अथेन्सला हलला. वर्गणीची खंडणी झाली. लेस्बॉस बेटावरील नगरांनी बंड केले. ते ४२७ मध्ये मोडून बंडखोरांच्या जमिनीचे ३,००० तुकडे पाडण्यात आले; ३०० देवांना, उरलेले चिठ्ठ्या टाकून अथेन्सच्या नागरिकांना. मूळ मालक आपल्याच शेतात कुळे झाले व खंड भरू लागले.

हे कोणा राजाने नव्हे, नागरिकांच्या सभेने ठरविले. अथेन्सच्या लोकशाहीची स्तोत्रे गाणारे आपले विद्वान नेमके येथे पान उलटतात. युद्धनौका वल्हविणाऱ्या गरीब अथेनियनाची मजुरी बव्हंशी या खंडणीतूनच निघे. साम्राज्याच्या बाजूने हात वर करताना त्याला स्वतःच्या पोटाचा हिशेब पक्का ठाऊक होता.