विश्लेषण : विश्वचषकाच्या महिन्यात प्रार्थना, पण कोणासाठी?

मोठी क्रीडास्पर्धा जवळ आली की मानवी तस्करीच्या बळींसाठी प्रार्थना करण्याची आवाहने सुरू होतात. २०१४ मध्ये ब्राझीलमधील फुटबॉल विश्वचषकावेळी ‘तलिथा कूम’ या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघटनेने अशीच मोहीम चालवली. हेतू चांगलाच, पण प्रार्थना करणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचे चित्र अनेकदा अर्धेच असते.

४० हजारांची बातमी काय होती?

२००६ चा विश्वचषक जर्मनीत झाला. त्यासाठी ४० हजार महिला वेश्याव्यवसायात आणल्या जातील, अशी बातमी जगभर पसरली. स्पर्धेनंतर जर्मन तपास यंत्रणांना थेट संबंध असलेली प्रकरणे सापडली अवघी पाच. असे गुन्हे सहसा दडलेले राहतात, हे मान्य. तरीही त्या आकड्याने लोकांची नजर एका महिन्यावर आणि एकाच प्रकारच्या शोषणावर खिळवली.

मग शोषण कुठे होते?

बरेचसे स्पर्धेआधी, बांधकामावर. कतारला यजमानपद मिळाले २०१० मध्ये, सामने झाले २०२२ मध्ये. मधल्या काळात भारत, नेपाळ, बांगलादेशातून मजूर गेले. अनेकांनी कर्ज काढून एजंटचे पैसे भरले होते. तिथे पोहोचल्यावर कित्येकांचे पासपोर्ट मालकाने ठेवून घेतले. ‘कफाला’ पद्धतीत मालकाच्या संमतीशिवाय नोकरीही बदलता येत नसे; ही अट कायद्याने गेली २०२० मध्ये. असा प्रत्येक मजूर कायद्याच्या भाषेत तस्करीचा बळी नसतो. पण डोक्यावर कर्ज, पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात आणि काम सोडायची सोय नाही, हे तिन्ही एकत्र आले की वेठबिगारी फार दूर राहत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात २.७६ कोटी लोक सक्तीच्या श्रमात आहेत. त्यातील ६३ लाख लैंगिक शोषणाचे बळी. बाकीचे इतर कामांत.

प्रार्थना कधी करावी?

गुलामगिरीतून सुटलेल्या संत जोसेफिन बखिता यांच्या स्मृतिदिनी, ८ फेब्रुवारीला, कॅथलिक चर्च २०१५ पासून दरवर्षी तस्करीविरोधी प्रार्थनादिन पाळते. स्पर्धा असो वा नसो. हे जास्त शहाणपणाचे. कारण २०३४ च्या विश्वचषकाचे यजमानपद सौदी अरेबियाला डिसेंबर २०२४ मध्येच मिळाले आहे. तिथली स्टेडियम बांधणारा मजूर पहिल्या सामन्याच्या कित्येक वर्षे आधी घर सोडणार. त्याच्या दारात आलेला एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर मोबाइलवरूनही तपासता येते.