टोपीवरचा बिल्ला काय सांगतो?

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. देवादिकांच्या तसबिरी भिंतीवरून उतरल्या, हे योग्यच झाले. परंतु त्यांच्याच शेजारी आजोबांचे किंवा पणजोबांचे लष्करी गणवेशातील छायाचित्र असते आणि त्यांच्या टोपीवरील बिल्ल्यात 'महार' हा शब्द कोरलेला असतो. ज्या जातीचे जोखड आपण फेकून दिले, तिचे नाव भिंतीवर का ठेवावे, असे घरातील तरुण विचारतात. वाचकहो, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की ते छायाचित्र ठेवा; मात्र ठेवण्यापूर्वी ते नीट वाचावयास शिका.

ते का ठेवावे हे प्रथम सांगतो. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने या समाजाची लष्करभरती बंद केली. काही जाती तेवढ्या लढाऊ आणि बाकीच्या नव्हेत, अशी विचारसरणी तेव्हा सरकारदरबारी रूढ झाली होती. ज्यांचे वाडवडील पलटणीत सुभेदार झाले, त्यांनाच शिपाईगिरीस अपात्र ठरविण्यात आले. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. पुढे १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तेव्हा बिल्ल्यावरील ते नाव म्हणजे नाकारलेला आणि पुन्हा मिळविलेला एक नागरी हक्क होय. त्याची लाज धरण्याचे कारण नाही.

आता वाचन कसे करावे ते पाहू. पुष्कळांची नजर प्रथम लोखंडी टोपाकडे जाते आणि येथेच फसगत होते. इंग्रजी सैन्याचा तो उथळ, पसरट काठाचा, उपड्या थाळीसारखा टोप १९१५ च्या अखेरीस वापरात आला. त्याचीच सुधारलेली आवृत्ती दुसऱ्या महायुद्धातही होती आणि दुरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून केवळ टोपावरून युद्ध कोणते हे ठरविता येत नाही. शिवाय हिंदी पायदळाच्या दोन्ही डिव्हिजन १९१५ सरता सरता फ्रान्समधून हलल्या. त्यामुळे पहिल्या युद्धातील हिंदी शिपाई छायाचित्रांत बहुधा पागोट्यातच आढळतो. टोप परकी सैन्याचा असेल तर मात्र तो अधिक बोलका असतो. कान व मान झाकणारा खोल टोप जर्मन, माथ्यावर उभी पट्टी असलेला फ्रेंच आणि पुढे पंचकोनी तारा असलेला वाटोळा टोप जपानी समजावा.

टोपापेक्षा पट्टा अधिक भरवशाचा साक्षीदार आहे. छातीच्या दोन्ही बाजूंस काडतुसांच्या दोन मोठ्या चौकोनी पिशव्या असतील, तर तो साज १९३७ च्या नमुन्याचा होय. असे छायाचित्र पहिल्या युद्धातील असणे शक्य नाही. पट्ट्यावर डावीउजवीकडे लहान लहान पाच-पाच पिशव्या असतील, तर तो नमुना १९०८ चा. परंतु हा जुना साज दुसऱ्या युद्धाच्या आरंभीही वापरात होता. म्हणजे नवा पट्टा खात्रीचे उत्तर देतो, जुना पट्टा केवळ शक्यता सांगतो. हा भेद ध्यानी ठेवावा.

त्यानंतर बिल्ला. महार रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. ऑक्टोबर १९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा स्तंभावर दोन व्हिकर्स मशीनगना फुलीसारख्या आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. म्हणून नुसता स्तंभ असेल तर छायाचित्र १९४१ ते १९४६ च्या दरम्यानचे मानण्यास हरकत नाही. मशीनगना असतील तर ते त्यानंतरचे. दंडावरील फितीही मोजा. एक फीत लान्स नाईकाची, दोन नाईकाची, तीन हवालदाराची.

पदकांच्या फितींचे रंग मात्र छायाचित्रावरून ठरवू नका. जुन्या काचांना व फिल्मला तांबडा रंग दिसत नसे; तो काळा उमटे आणि निळा फिका पडे. पदकच घरात असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. पहिल्या युद्धातील पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दुसऱ्या युद्धात हिंदी सैन्याला मिळालेल्या पदकांवरही बहुधा नाव असते. पहिल्या युद्धाचे पदक चांदीऐवजी काशाचे निघाले तर खट्टू होऊ नका. ते मजूर पथकांतील माणसांना मिळाले आहे. ज्यांनी रस्ते बांधले आणि ओझी वाहिली, त्यांच्याही श्रमांवर ते युद्ध चालले होते.

एका गोष्टीबद्दल आम्ही स्पष्ट बोलू इच्छितो. कोरेगावच्या लढाईचे म्हणून कोणी छायाचित्र दाखविल्यास त्यावर विश्वास ठेवू नका. ती लढाई १ जानेवारी १८१८ ची आणि छायाचित्रणकला जगापुढे आली १८३९ साली. तसेच पहिल्या युद्धातील आजोबांच्या छायाचित्राखाली 'महार रेजिमेंट' असे लिहू नका. ते १११ व्या महार पलटणीत असतील किंवा अन्य एखाद्या पलटणीत. अभिमानाच्या भरात लिहिलेले एक खोटे नाव दहा खऱ्या पुराव्यांवर संशय आणते. आपल्या पूर्वजांचे शौर्य एकदा लेखणीच्या फटकाऱ्याने नाकारले गेले आहे. ते पुन्हा सिद्ध करताना आपला कागद इतका चोख असला पाहिजे की विरोधकाला बोट ठेवण्यास जागा सापडू नये.

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे. छायाचित्र चौकटीतून हलक्या हाताने काढा आणि मागची बाजू पाहा. तेथे स्टुडिओचा शिक्का किंवा गावाचे नाव असू शकते. निवृत्तिवेतनाचे कागद, सेवापुस्तिका, पदकांची डबी एकत्र करा. घरातील वृद्ध स्त्रियांना आवर्जून विचारा, कारण पत्रे कोठून येत हे त्यांनाच आठवते. मग छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने दोन ओळी लिहा. एका ओळीत डोळ्यांना जे दिसते ते, दुसऱ्या ओळीत कानांनी जे ऐकले ते आणि कोणाकडून ऐकले ते. या दोन ओळींची सरमिसळ होऊ देऊ नका. सांगणारी माणसे वृद्ध झाली आहेत आणि कागद वाळवीच्या तोंडी आहेत. हे काम येत्या सुटीतच हाती घ्या.