सरळ रेषेचा मोह

मंडळी, परवा नातवाने कोयनेच्या भूकंपांचा आलेख दाखवला. तीव्रता एकाने वाढली की संख्या साधारण एक दशांश. लॉगच्या पट्टीवर ठिपके सरळ रेषेत. "आजोबा, पॉवर लॉ!"

मला पटले नाही. लॉगच्या कागदावर पुष्कळ वाकडे सरळ दिसते. क्लॉसेट, शालिझी, न्यूमन यांनी २००९ मध्ये असे २४ विदासंच कसून तपासले. काही टिकले, काही बाद. निखळ पॉवर लॉ म्हणून कॅलिफोर्नियाचे भूकंपही बाद!

रेषा पुढे ओढली तर कोयनेत आठचाही भूकंप 'निघतो'. पण तेवढी लांब भेग तिथे हवी ना? ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ चा धक्का धरणात पाणी साठल्यावर आला. त्या पाण्याचा दाब रेषेत कुठे दिसतो?

आलेख जरूर काढा, कारणही विचारा. असो.