इतिहास शिकायला परदेशी कोण जाणार?

आपल्या धर्मग्रामांच्या वार्तापत्रांतून अभिनंदनाचे एक सदर असते. ते आम्ही आवर्जून वाचतो. अमुक यांचे चिरंजीव संगणक अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस रवाना, तमुक यांची कन्या परिचारिका म्हणून आयर्लंडला, आणखी कोणी व्यवसाय-प्रशासन शिकण्यासाठी कॅनडाला. वाचून आनंद होतो. ज्यांच्या आजोबांनी पानमळे शिंपले आणि ज्यांच्या आज्यांनी भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन पहाटेची लोकल गाठली, त्यांची नातवंडे विमानात बसतात, याने कोणाचे पोट दुखावे? परंतु इतक्या वर्षांत त्या सदरात एक वाक्य मात्र आमच्या वाचनात आलेले नाही : ‘इतिहासाच्या अभ्यासासाठी लिस्बनला रवाना.’

हे वाक्य कोणाला थट्टेचे वाटेल. इतिहास शिकायला परदेशी? आणि तोही लिस्बनला? आमचे म्हणणे असे की, भारतातील ज्या थोड्या समाजांना आपला इतिहास जाणून घेण्यासाठी खरोखरच परदेशी जाण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांत वसई-साष्टीच्या आपल्या ख्रिस्ती समाजाचा क्रमांक फार वरचा आहे.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे पाच वर्षांत आपला समाज घडला. आपली आडनावे, आपली चर्चे, आपले सण, आपल्या बोलीत रुजलेले शब्द, सारे त्या दोनशे वर्षांचे देणे आहे. आणि त्या काळाचा कागद कोठे आहे? काही गोव्याच्या पुराभिलेखागारात आहे हे खरे. त्या दफ्तराची व्यवस्था १५९५ साली लागली आणि दियोगु द कोतु हा त्याचा पहिला रक्षक. पण मोठा वाटा समुद्रापलीकडे आहे. १५५४ साली सिमांव बोतेल्यु या महसूल अधिकाऱ्याने तयार केलेल्या ‘तोंबु’त वसई प्रांताच्या उत्पन्नाचा हिशेब आहे. तो छापला गेला १८६८ साली, लिस्बनला. १६३५ साली आंतोनियु बोकार्रू याने पूर्वेकडील किल्ल्यांचे वर्णन लिहिले. त्यात वसईचे वर्णन आहे, नकाशाही आहे. ते हस्तलिखित एव्होरा या पोर्तुगालमधील गावी आहे. आपल्या समाजात शतकानुशतके उपासकाळात गायिले गेलेले, फ्रान्सिस्कन व्रतस्थ फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइश यांचे उत्तर कोकणच्या मराठीतील पुराण १६५९ साली छापले गेले तेही लिस्बनलाच. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, पण त्याची देवनागरी प्रत मिळाली कोठे? तर लंडनला, मार्सडेन यांच्या संग्रहात. जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने ती १९२० च्या दशकात मराठी वाचकांच्या निदर्शनास आणली तेव्हा मराठीच्या अभ्यासकांना तिचा पत्ता लागला.

आणि आपले संत गोन्सालो गार्सिया! वसईचा हा सुपुत्र ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला, १८६२ साली नवव्या पायस यांनी त्यास संतपद दिले. त्यांच्या सणाला आपण मिरवणुका काढतो, फटाके लावतो, प्रवचने ऐकतो. हिदेयोशीच्या दरबारी ते दुभाषे म्हणून उभे राहिले हे आपण मुलांना सांगतो. पण त्यांच्याबरोबर जपानात काम केलेल्या मार्सेलो द रिबादेनेइरा यांनी लिहिलेला वृत्तान्त १६०१ साली बार्सेलोनात छापला गेला आहे, लुईश फ्रोइश या येशूसंघीयाने हुतात्म्यांच्या मरणानंतर काही आठवड्यांतच आपला अहवाल लिहिला आहे, आणि फ्रान्सिस्कन व येशूसंघीय यांच्यात या प्रकरणावरून जो कडवट वाद झाला तोही कागदावर आहे. आपल्यापैकी कितीजणांनी हे मुळातून वाचले? मुळातून म्हणजे स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतून. त्या भाषा शिकण्यासाठी आपण कोणाला पाठविले आहे काय?

त्याऐवजी आपण काय करतो, तर स्मरणिका काढतो. चर्चचा शतकमहोत्सव असो की चारशेवा वर्धापनदिन, गुळगुळीत कागदावर शुभेच्छांची व जाहिरातींची सत्तर पाने आणि इतिहासाची चार. ती चार पाने कोठून येतात हे जाणकारास लगेच कळते. डॉ. जर्सन द कुन्या यांनी १८७६ साली चौल व वसईच्या इतिहासावर एक इंग्रजी ग्रंथ लिहिला. व्यवसायाने ते वैद्य, गोव्याचे, मुंबईत राहणारे. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात त्यांनी जे केले त्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्या ग्रंथाला आता दीडशे वर्षे होत आली. त्यातला मजकूर एका स्मरणिकेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उतरत जातो, वाटेत सनावळी बदलते, नावे बदलतात, आणि शेवटी प्रवचनात ते ‘परंपरेने चालत आलेले’ म्हणून सांगितले जाते.

कोणी म्हणेल, स्मरणिका चुकली तर बिघडले काय? बिघडले ते असे.

आपल्याला कोणी ‘बाटगे’ म्हटले की आपण एकतर मान खाली घालतो किंवा आवाज चढवितो. पूर्वजांनी धर्म कसा स्वीकारला, कोणी, केव्हा, कोणत्या गावात, भीतीने की श्रद्धेने, जमिनीसाठी की जातीच्या जाचातून सुटण्यासाठी, याचे उत्तर आपल्याकडे नाही. एकाच खेड्यातील दोन आळ्यांची उत्तरे वेगळी असण्याचा पुरेपूर संभव आहे. विरोधकांनी एक उत्तर पक्के केले आहे : सारे जबरदस्तीचे. आपण दुसरे पक्के केले आहे : सारे स्वखुशीचे. दोन्ही उत्तरे अभ्यासाविना दिलेली आहेत. साष्टीत देवळे पाडली गेली, मंडपेश्वरच्या लेण्यात चर्च झाले, हे शत्रूने रचलेले कुभांड नव्हे. त्या काळच्या मिशनऱ्यांनीच ते अभिमानाने लिहून ठेवले आहे. गोव्याचे इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले, १७७४ ते १७७८ एवढा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले आणि वसई त्याच्या कक्षेत होती. त्याचे बहुतेक दफ्तर पुढे नष्ट झाले. राहिले ते कोठे आहे? काही पत्रव्यवहार ब्राझीलमध्ये, रिओ द जानेइरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. आणि १६२३ पर्यंतच्या खटल्यांची जुवांव देल्गादु फिगेइरा याने केलेली मोठी सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. म्हणजे आपल्यावर जो आरोप होतो त्याची साक्ष आणि आपल्या बाजूने जे काही म्हणता येईल त्याचीही साक्ष, दोन्ही साता समुद्रांपलीकडे पडून आहेत, आणि आपण इकडे चर्चच्या पटांगणात वाद घालीत उभे आहोत.

सत्याला ख्रिस्तसभेने भिऊ नये. तेराव्या लिओ यांनी १८८१ साली व्हॅटिकनचे गुप्त दफ्तर विद्वानांस खुले केले, १९९८ साली रोममधील इन्क्विझिशनचे दफ्तरही उघडले गेले, आणि १२ मार्च २००० रोजी दुसऱ्या जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. जेथे पोपमहोदय भ्याले नाहीत तेथे आपल्या पॅरिश कौन्सिलांनी का भ्यावे हे आम्हास समजत नाही.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप देशाभिमान्यांचा. आपला इतिहास आपण परक्यांच्या विद्यापीठात जाऊन, आपल्यावर राज्य केलेल्यांच्या वंशजांकडून शिकायचा काय? राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ गावोगाव पायी हिंडून गोळा केली, ते कोठे ऑक्सफर्डला गेले होते? खरे आहे. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनीही गोव्याच्या दफ्तरात बसून जे काम केले त्यास तोड नाही. परदेशी पदवीने कोणी इतिहासकार होत नाही, हे आम्हास मान्य आहे. पण राजवाड्यांचा कागद देशस्थांच्या व कोकणस्थांच्या माळ्यावर होता आणि मोडी त्यांना येत होती. पिसुर्लेकरांचे दफ्तर हाताशी होते आणि पोर्तुगीज त्यांना येत होती. आपला कागद माळ्यावर नाही आणि भाषाही आपण १७३९ सालीच गमावली. उलट पक्षी, फादर हेरास १९२२ साली स्पेनहून मुंबईस आले, सेंट झेवियर्समध्ये १९२६ साली त्यांनी इतिहास संशोधन संस्था उभारली आणि भारताच्या इतिहासासाठी आयुष्य वेचले. तेव्हा परका येथे येऊन आमचा इतिहास शिकला, याचा आम्हास कमीपणा वाटला नाही.

शिवाय परदेशी विद्यापीठाची आणखी एक गरज आहे, आणि ती बोलून दाखविण्यास लोक कचरतात. आपल्या गावात राहून आपल्या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला चारही बाजूंनी नातेवाईक असतात. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी, प्रत्येकाची मूळ उत्पत्तीची एक कथा आहे आणि प्रत्येकाला ती शाबूत हवी आहे. ‘आमचे पूर्वज अमुक ब्राह्मण होते’ या वाक्याला कागदाचा आधार आहे का, असा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारून पाहावा! ज्या सेमिनारच्या टेबलाभोवती आपले कोणी मामा-काका बसलेले नाहीत तेथे तो प्रश्न निर्भयपणे विचारता येतो आणि उत्तर लटके असेल तर ते तेथल्या तेथे फाडलेही जाते.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा : आता सारे संगणकावर मिळते, जायचे कशाला? लिस्बनच्या तोरे दो तोंबु या राष्ट्रीय दफ्तरखान्याने पुष्कळ कागद संगणकावर ठेवले आहेत, ही मोठीच सोय झाली. (१ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला, भूकंपाने हे दफ्तर ज्या बुरुजात होते तो बुरूज कोसळला. त्यातून हे कागद वाचले हीच देवाची कृपा.) पण सतराव्या शतकातील कारकुनाचे हस्ताक्षर पडद्यावर दिसले म्हणून वाचता येते असे नाही. शब्दांची संक्षिप्त रूपे, मराठी गावांची पोर्तुगीज कानांनी ऐकलेली नावे, हे सारे गुरूजवळ बसून शिकावे लागते. तसे शिकविणारे गुरू कोइंब्राला आहेत, लिस्बनला आहेत. कोइंब्राचे विद्यापीठ १२९० सालचे आहे, त्याला घाई नाही. घाई आपल्याला असायला हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे : पोटाचे काय? इतिहास शिकून आलेल्या मुलास नोकरी कोण देणार? आईबापांनी जमीन विकून त्याला पाठवावे असे आम्ही म्हणणार नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. आपल्याला महाराज नाहीत. पण १९१८ साली ज्या समाजाने स्वतःची सहकारी बँक उभी केली, जिने आज केवढा पसारा मांडला आहे, त्या समाजाला एका विद्यार्थ्याचा दोन वर्षांचा खर्च पेलत नाही हे आम्ही मानणार नाही. लंडनला परदेशी विद्यार्थ्याची एका वर्षाची फीच वीस लाखांच्या पुढे जाते, पोर्तुगालच्या सरकारी विद्यापीठांत ती काही हजार युरोंत भागते. राहण्याजेवणासह दोन वर्षांचा खर्च आपल्याकडील थाटामाटाच्या एका लग्नाच्या आसपास येईल. बँड, व्हिडिओ आणि आतषबाजीसह.

धर्मगुरूंच्या बाबतीत तर पैशाचाही प्रश्न नाही. आपले तरुण फादर रोमला जातात, ईशज्ञान, बायबल, कॅनन लॉ शिकून येतात. ग्रेगोरियन विद्यापीठात १९३२ पासून ख्रिस्तसभेच्या इतिहासाची स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि येशूसंघाचे मध्यवर्ती दफ्तर त्याच शहरात आहे. बिशपमहोदयांनी एखाद्या फादरला त्या शाखेत धाडले तर कोण हरकत घेणार? पण सारे फादरांवर टाकून मोकळे होऊ नये. प्रापंचिक स्त्री-पुरुषांनी लिहिलेला इतिहास वेगळा असतो. बाईने लिहिलेला तर अधिकच, कारण दोनशे वर्षांच्या त्या कागदात आपल्या आज्यांचा उल्लेख शोधण्याची चिकाटी तिच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार नाही.

आणि पोर्तुगीज एवढेच पुरे नाही. १७३९ नंतरचे आपले सर्वांत अंधारे शतक पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीत पडले आहे. वसईच्या विजयाचा धडा आपली मुले शाळेत वाचतात. त्या विजयानंतर त्यांच्या स्वतःच्या पूर्वजांचे, जे आपले व्रतस्थ मिशनरी निघून गेल्यावरही श्रद्धेत टिकून राहिले त्यांचे, काय झाले हे त्या धड्यात नाही. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारा एकच माणूस आपल्यातून निघाला तर त्या काळाचे दोन्ही साक्षीदार प्रथमच समोरासमोर येतील.

आमची सूचना एवढीच : समाजातील संस्थांनी मिळून एक निधी उभारावा आणि त्यातून दर दोन वर्षांनी एक मुलगा किंवा मुलगी पाठवावी. निवड करणाऱ्या समितीत तिच्या गावचा कोणीही नसावा. जाण्यापूर्वी तिने गोव्यात राहून पोर्तुगीज शिकावी व घरी बसून मोडी गिरवावी. परत येऊन तिने एक पुस्तक लिहावे, मराठीत लिहावे, आणि त्यातील प्रकरणे आधी या त्रैमासिकात यावीत. तिला जे सापडेल ते जसेच्या तसे छापले जाईल, मग ते सामवेद्यांना रुचो वा वाडवळांना, फादरांना रुचो वा विरोधकांना, हे निधीच्या घटनेतच पहिल्या दिवशी लिहून ठेवावे.