ताळेबंद वाचणारी पोरं हवीत



हंगाम आटोपल्यावर विरारला पुतण्याकडे आठ दिवस राहून आलो. बी.कॉम. झाल्यावर त्याने कारखान्यात कारकुनी धरावी म्हणून आम्ही सगळे मागे लागलो होतो. त्याने ऐकले नाही. आज तो मुंबईच्या एका कचेरीत आर्थिक विश्लेषक आहे. सकाळी चर्चगेटची लोकल, रात्री नऊला घर. गावात विचारतात, "पोरगं करतंय तरी काय?" खरे सांगायचे तर मलाही नीट ठाऊक नव्हते.

माझ्या पिशवीत आपला वार्षिक अहवाल होता, न उघडलेला. रविवारी त्याने तो चाळला आणि कागदावर हिशेब मांडला. समजा, गोदामातल्या साखरेवर १०० कोटींचे मालतारण कर्ज आहे, व्याज सालीना १२ टक्के. साखर महिनाभर पडून राहिली की १ कोटी व्याजात गेले. गाळप १० लाख टन धरले तर टनामागे १० रुपये. "काका, आकडे समजुतीसाठी धरलेत. पण हे १० रुपये कुणाच्या खिशातले?"

मी गप्पच. साखर लगेच विकावी असा याचा अर्थ नव्हे. थांबल्याने भाव जास्त मिळेल की व्याज जास्त जाईल, हे तोलून सांगणे हेच विश्लेषकाचे काम. आपण काट्यावर भांडतो, उताऱ्यावर भांडतो. ताळेबंद आला की मात्र 'मंजूर, मंजूर' म्हणून जेवायला उठतो.

ही विद्या सहकाराला परकी नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, तेव्हा अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थतज्ज्ञ होते. विरारशेजारी वसईत पापडीला १९१८ साली निघालेली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक आजही चालू आहे. हिशेब चोख असल्याशिवाय संस्था शंभरी गाठत नाही.

वाट सोपी नाही, हेही सांगितले पाहिजे. सी.ए., सी.एम.ए. किंवा तीन पायऱ्यांची सी.एफ.ए. परीक्षा; वर्षे जातात, पैसा लागतो, इंग्रजी पक्के लागते. शेअरबाबत संशोधन करून सल्ला देण्याचा धंदा करायचा तर सेबीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. मोबाईलवर 'हा शेअर घ्या' सांगणारा प्रत्येक जण विश्लेषक नसतो. पोरांना त्या नादी लागू देऊ नका.

पण ज्या मुला-मुलीला आकड्यांची गोडी आहे, त्याला 'इंजिनीअरच हो' म्हणून दामटू नका. आणि संचालक मंडळाला एक विनंती. वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी सभासदांची अशी शिकलेली मुले बोलवावीत आणि त्यांच्याकडून ताळेबंद आपल्या भाषेत समजावून घ्यावा. मंडळाचे काम चोख असेल तर ते त्यातून उजळच दिसेल.

पोरं मुंबईला राहतील, राहू द्या. यंदाचा अहवाल आला की एकदा त्यांच्या हाती द्या, आणि ती काय विचारतात ते ऐका. तोच प्रश्न सभेत विचारा.

— एक ऊस उत्पादक सभासद