मुलांच्या पावलांनी कोची

मैत्रिणींनो, लहान मुलं घेऊन कोचीला निघालात, तर एक गोष्ट आधीच मनाशी ठरवा. सगळं पाहून व्हायचं नाही! मी तो हट्ट धरला. चर्च, वाडा, बाजार अशी सकाळपासून फरफट केली आणि भर दुपारी धाकट्यानं रस्त्यातच फतकल मारली. अंग चांगलंच तापलं होतं. पुढचे दोन दिवस लॉजवर त्याच्या उशाशी बसून काढले.

तुम्ही असं करू नका. सकाळी एर्नाकुलमहून बोटीनं फोर्ट कोचीला जा. मुलांची अर्धी हौस बोटीतच फिटते. किनाऱ्यावरची मोठाली चिनी जाळी दोरांना बांधलेल्या धोंड्यांच्या भारानं वर-खाली होतात. मुलं बघतच राहतात. पण पाणी जवळ, तेव्हा हात सोडू नका. जवळच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये १५२४ साली वास्को द गामाला पुरलं होतं. १५३९ साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. एवढी गोष्ट मुलांना पुरते.

ऊन चढायच्या आत परत फिरा. दहीभात आणि झोप! मट्टनचेरीचा वाडा दुसऱ्या दिवशी सकाळी. तिथं भिंतींवर रामायण रंगवलंय; मुलांनाच ओळखू द्या.

पिशवीत टोप्या, उकळून गार केलेलं पाणी आणि मीठ-साखर-लिंबू हवंच. मूल मलूल दिसलं, अंग तापलं, तर सावलीत न्या, ओल्या फडक्यानं पुसा आणि लगेच डॉक्टर गाठा.

राहिलेलं पुढच्या खेपेला. मुलं हसत घरी परतली, की सहल पदरात पडली म्हणायची!