मैल्यातला वायू आणि बिलाचा धनी

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून वायू काढून वापरला जात होता. त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी आपल्या बहुतेक महापालिकांच्या अंदाजपत्रकात हा वायू जमेच्या बाजूला सापडत नाही. दोष तंत्रज्ञानाचा, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

शेजारच्या सुरतेचे पाहा. तिथल्या महापालिकेने आंजणा केंद्रात २००३ साली अर्ध्या मेगावॅटचा संच बसवला. असा संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला, तर १२ हजार युनिट वीज होते. युनिटला ७ रुपये धरले, तर दिवसाचे ८४ हजार आणि वर्षाचे ३ कोटींवर. हे पैसे कोणी तिजोरीत आणून भरत नाही. ते विजेच्या बिलातून वाचतात. मैला खाणाऱ्या जिवाणूंना हवा पुरवणारे ब्लोअर अहोरात्र चालवावे लागतात, त्यामुळे अशा केंद्रांचे वीजबिल नेहमीच जबर असते.

वायू होतो तो गाळ बंद टाकीत हवेवाचून कुजल्याने. गटारात पावसाचे आणि नाल्याचे पाणी शिरले, की मैला पातळ होतो. उपशाचा खर्च वाढतो, गाळ मात्र वाढत नाही. वायूतील हायड्रोजन सल्फाइड काढले नाही, तर इंजिन गंजते. ते काढण्याची यंत्रणा, इंजिन आणि ते सांभाळणारा जाणता माणूस, हा खर्च मोठ्या शहराला पेलतो. छोट्या नगरपालिकेने या फंदात न पडलेलेच बरे.

पण खरी मेख आहे ती कंत्राटात. केंद्र चालवणार ठेकेदार आणि बिल भरणार महापालिका, अशी वाटणी असली तर इंजिन महिनाभर बंद राहिल्याने ठेकेदाराचे काय बिघडते? वायू पेटवून हवेत सोडला, की त्याचे काम झाले. तेच बिल त्याच्या गळ्यात बांधले, तर सुटा भाग मागवायला तो स्वतःच धावेल.

मुंबईत वरळी, धारावी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप येथील सात केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. मिळून रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर सांडपाणी! उद्घाटनाच्या दिवशी मेगावॅटचे आकडे ऐकवले जातीलच. मुंबईकरांनी त्याआधी करारनाम्याचे एकच पान मागावे: विजेचे बिल कोणाच्या नावावर येणार?